रिकामी यादी

गेल्या वर्षी मला एक पत्र आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

तसा मी उत्तरं देणारा माणूस आहे. बँकेच्या पत्राला देतो, ग्रंथालयाच्या स्मरणपत्राला देतो. एकदा दुसऱ्याच कुणाचं तरी निमंत्रण चुकून आमच्या पत्त्यावर आलं, तर त्यालाही मी "येऊ शकत नाही, क्षमस्व" असं कळवलं होतं. या एका पत्राला मात्र अकरा महिने झाले. दीड पान, निळी शाई. तिने सरळ विचारलं होतं — माझ्याकडे याल का? कामालाही या आणि राहायलाही या.

माझं वय एकसष्ट. तिचं पंचावन्न. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे पुढे अडथळा नको.

आमच्या कारखान्यात रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप बनायचे. पंपाच्या पोटात प्रोग्राम असतो. त्यात चूक राहिली तर थेंब जास्त पडतात, नाहीतर पडतच नाहीत. म्हणून वीस वर्षांपूर्वी मी एक साधन लिहिलं होतं. ते प्रोग्राम चालवत नाही, नुसता वाचतं, आणि कुठे घोटाळा होऊ शकेल त्या ओळींची यादी देतं. सगळे त्याला चाळणी म्हणत. मला मास्तर म्हणत, कारण त्या यादीवर लाल पेन्सिलीने खुणा करून मी ती ज्याच्या त्याच्या टेबलावर गुपचूप ठेवून यायचो. तोंडाने सांगायची हिंमत होत नसे.

निवृत्तीला सात महिने उरले असताना नव्या साहेबांनी सगळे संगणक बदलले. नव्यांवर ऑपरेटिंग सिस्टीम दुसरी. चाळणी तिथे चालली असती, पण तिला चालवणाऱ्या एकशे चौसष्ट स्क्रिप्ट होत्या. स्क्रिप्ट म्हणजे हुकमांच्या छोट्या छोट्या फायली: हे फोल्डर उघड, ती फाईल वाच, यादी तिकडे नेऊन ठेव. ते सगळे हुकूम जुन्या सिस्टीमच्या बोलीत होते. ते नव्या बोलीत आणायला बाहेरून कुणीतरी येणार होतं, सहा आठवड्यांसाठी.

सोमवारी सकाळी मी ओली छत्री घेऊन खोलीत शिरलो, तर माझ्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. एक मोजा निळा, एक करडा.

"छत्री तिकडे," टेबलाखालून आवाज आला. "थेंब माझ्या पायावर पडतायत."

मी छत्री मागे घेतली. "माफ करा. हे... हे माझं टेबल आहे."

"असेल. वायर कुणाची?"

"वायर कंपनीची."

"मग अर्धं भांडण मिटलं."

ती बाहेर आली. कानामागे पांढरी बट, गालाला धूळ, हातात छोटी विजेरी. माझ्याकडे तिने जरा जास्तच वेळ बघितलं — निदान मला तसं वाटलं, आणि मला बरंच काही वाटत असतं.

"तुम्हीच मास्तर?"

"लोक म्हणतात तसं."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

याचं उत्तर मला सुचलं. पण दुपारी साडेतीनला.

ऑफिसने तिचं नाव दोन दिवसांत 'दुभाषी' ठेवलं. दोन सिस्टीमच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगणारी, म्हणून. तिला ते आवडलं. माझ्या टेबलाच्या काटकोनात तिचं टेबल लागलं आणि ती एकेक स्क्रिप्ट उघडून वाचू लागली. आपलं लिहिलेलं कुणी आपल्यासमोर बसून वाचतंय, हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवत होतो. मी तीन दिवस तिच्याकडे पाठ करून बसलो.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मास्तर, या चौकोनांच्या रांगा कसल्या हो?"

मी वळून बघितलं. हुकमांच्या मध्ये मी लिहून ठेवलेल्या मराठी टिपांची अक्षरं नव्या मशीनवर गेली होती. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन.

"त्या... टिपा आहेत. यंत्र त्या वाचत नाही. काढून टाका."

"मग कोण वाचतं?"

"कोणीच नाही."

तिने नुसतं "हं" केलं. आणि पुढचे दोन दिवस दुसरं काही न करता त्या चौकोनांतून माझी अक्षरं परत आणली. फाईल जुन्या मशीनवर उघडायची, अक्षरांचं कोष्टक बदलायचं, नवीवर नेऊन तपासायची, आणि अशा एकशे चौसष्ट. साहेब येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"बाई, टिपांवर दोन दिवस? यंत्र वाचत नाही त्या."

"मी वाचते," तिने मान वर न करता सांगितलं. "मी यंत्र आहे असं माझ्या करारात कुठे लिहिलेलं नाही."

साहेब गेले. माझे कान लाल झाले होते हे मला आरशाशिवाय कळत होतं.

त्या टिपा मी वीस वर्षांत लिहिलेल्या, कुणी वाचणार नाही या भरवशावर. सतराव्या स्क्रिप्टच्या तळाशी होतं: "हे असं का केलं ते आता आठवत नाही. काढलं तर पुढचं सगळं कोसळतं. वाचणाऱ्याने क्षमा करावी." दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती फाईल उघडली, तर त्याखाली नवी ओळ.

"क्षमा केली. कारणही सापडलं. चहाच्या वेळी सांगेन, पण मोबदला लागेल."

मी आजूबाजूला बघितलं. ती खिडकीपाशी उभी राहून पंख्याखाली ओली ओढणी वाळवत होती. मी टाईप केलं: "कसला मोबदला?"

तासाभराने: "एका प्रश्नाचं खरं उत्तर."

चहाला आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. ती म्हणाली, "लग्न का नाही केलंत?"

"विचारायचं राहून गेलं."

"कुणाला?"

मी बराच विचार केला. "तसं कुणालाच. राहूनच गेलं..."

ती हसली. मग थांबली. कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मी केलं होतं. बारा वर्षं. रोज माझं बोलणं मलाच पुन्हा समजावून सांगणारा माणूस होता. एके दिवशी म्हटलं, आता पुरे. लेक मोठी झाली, तिकडे दूर असते, खुशाल आहे. मीही आहे." आणि वर, "हे मोबदल्यात धरू नका. हे फुकट."

मग रोजच असं सुरू झालं. आम्ही समोरासमोर फारसं बोलत नसू. फायलींच्या तळाशी बोलत असू. बावन्नाव्या स्क्रिप्टमध्ये मी कधीतरी लिहून ठेवलं होतं, "बाहेर ऊन छान पडलंय आणि मी इथे आहे." तिने खाली लिहिलं, "याची तारीख नऊ वर्षांपूर्वीची आहे. आजही ऊन छान आहे. उठा." मी उठलो. इमारतीला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत तिची बाही माझ्या बाहीला लागली आणि आम्ही दोघांनीही ती बाजूला घेतली नाही. एवढंच. मला ते महिनाभर पुरलं असतं, पण महिना नव्हता.

पाचव्या आठवड्यात स्क्रिप्ट पूर्ण झाल्या. नव्या पंपाचा प्रोग्राम नव्या मशीनवर पहिल्यांदा चाळणीतून गेला. जुन्या मशीनवर त्याच प्रोग्रामात एकतीस दोष निघाले होते. इथे अहवाल आला: शून्य. बाजूला हिरवी खूण.

साहेब खुशीत आमच्या खोलीत आले. "मास्तर, म्हणजे तुमची चाळणी जुन्या मशीनवर उगाच आरडाओरडा करत होती तर."

मला ते लगेच पटलं. खरंच सांगतो. माझ्याविरुद्ध कुणी काही बोललं की ते मला आधी पटतं. साहेब गेल्यावर मी म्हणालो, "असेल. माझंच काहीतरी जास्तीचं—"

"मास्तर." तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "एकतीसचे शून्य कसे झाले?"

"नवं मशीन कदाचित—"

"मशीन बदलल्याने पंप दुरुस्त होतो का? स्वतःवर जेवढा संशय घेता ना, त्यातला निम्मा त्या हिरव्या खुणेवर घ्या. द्या ती यादी इकडे."

दुपारभर शोधत होतो. खांद्याला खांदा लागून, एकाच पडद्यापुढे. शेवटी तिनेच बोट ठेवलं. नव्या मशीनवर साहेबांनी फोल्डरचं नाव दोन शब्दांचं ठेवलं होतं, मध्ये मोकळी जागा सोडून. आमच्या स्क्रिप्टने ती दोन वेगळी फोल्डर समजली. दोन्ही नावांची फोल्डर नव्हतीच. मग स्क्रिप्ट काहीच न वाचता, कुरकुर न करता, रिकाम्या हातांनी परत आली. पुढच्या स्क्रिप्टने तिची यादी मोजली. यादीत शून्य ओळी, म्हणून दोष शून्य, म्हणून हिरवी खूण.

"नावातली जागा माझ्या लक्षात यायला हवी होती," ती म्हणाली. "या सिस्टीमवर लोक सर्रास सोडतात. ती चूक माझी. पण हे मोजणारं..."

"माझं आहे. आमच्याकडे नावात जागा सोडायची पद्धतच नव्हती. यादी रिकामी आली म्हणजे दोष नाहीत, असं मी धरून चाललो. वाचलंच नाही म्हणूनही ती रिकामी येऊ शकते..."

"हे डोक्यात आलं नाही?"

"आलं होतं. वाटलं, असं कशाला होईल."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादं पुस्तक फार दिवसांनी हाती लागल्यावर बघावं, तसं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. पण साहेबांनी तोवर गिऱ्हाइकाला शब्द दिला होता: पंप या आठवड्यात निघणार. दुसऱ्या दिवशी बारा माणसांच्या बैठकीत अहवाल टेबलावर आला. सही चाळणीच्या कर्त्याची लागते.

"करा सही, मास्तर. स्क्रिप्ट काय, पुढच्या महिन्यात नीट करू."

मी पेन उचललं. ती समोरच्या बाजूला बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, हे मला कळलं. माझं मीच ठरवावं म्हणून. मी पेनाचं टोपण लावलं.

"मी सही करणार नाही."

माझा आवाज एवढा बारीक आला की साहेबांनी "काय?" म्हणून विचारलं. मग मला तेच दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते बरंच सोपं गेलं.

"सही करणार नाही. हे शून्य दोष नाहीत. हे शून्य वाचन आहे. मोजण्यातली चूक माझी, वीस वर्षांची. ती मी लेखी देतो. पण त्या चुकीवर माझी सही मिळणार नाही."

"मास्तर, सहा महिन्यांत निवृत्त होताय. कशाला डोक्याला ताप करून घेता?"

"म्हणूनच तर. घाबरायला माझ्याकडे आता फार दिवस उरलेले नाहीत."

कुणीतरी खोकलं. मग ती म्हणाली, "माझंही नाव त्या लेखी कागदावर घाला. नावातली जागा माझ्याकडून सुटली." आणि त्या बारा माणसांच्या देखत तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

दुरुस्त केलेल्या चाळणीतून चौतीस दोष निघाले. जुने एकतीस आणि तीन नवे. पंप दोन महिने अडले. तिचा करार शुक्रवारी संपला तो पुढे वाढवला नाही. मला शिक्षा म्हणून जुन्या पुस्तिकांच्या कोठारात टाकलं. साहेबांना माहीत नव्हतं, तिथे छतापर्यंत पुस्तकं होती. नोकरीत मी इतका सुखी कधीच नव्हतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिची पिशवी खांद्यावर, मोजे त्या दिवशी एकाच रंगाचे.

"मास्तर, बारा माणसांसमोर तुम्हाला नाही म्हणता येतं, हे बघितलं मी," ती म्हणाली. "हो म्हणता येतं का?"

मी म्हणालो, "जपून जा."

अजून आठवलं की मला माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

महिन्याभराने पत्र आलं. तिने आपल्या गावी दोन खोल्या घेतल्या होत्या. लोकांचे जुने, कुणाला न कळणारे प्रोग्राम नव्या सिस्टीमवर आणून द्यायचं काम सुरू केलं होतं. एका खोलीत दोन टेबलं, काटकोनात. दुसऱ्या टेबलापाशी अजून कुणी नाही, असं लिहिलं होतं. आणि पुढे: "मेल केला असता तर दहा मिनिटांत तुमचं सभ्य उत्तर आलं असतं. मला सभ्य उत्तर नकोय, म्हणून कागद. मी पुन्हा विचारणार नाही, फोनही करणार नाही. पण उत्तर आलं नाही म्हणजे नकार, असंही धरून चालणार नाही. रिकाम्या यादीचा अर्थ काय असतो, ते आपण दोघांनी मिळून बघितलंय."

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात मी तिच्या योग्यतेचा नाही असं तिला समजावलं. दुसऱ्यात तेच मुद्देसूद मांडलं. तिसऱ्यात 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. असे तेवीस मसुदे झाले. मध्ये मी निवृत्त झालो. रोज सकाळी वाटायचं, आता फार उशीर झाला, आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की कालच बरं होतं.

मी माझ्या थोरल्या बहिणीकडे राहतो. ताई सदुसष्टची, एकटी, घर तिच्या आवाजावर चालतं. गेल्या रविवारी तिचा मुलगा आणि सून जेवायला आली होती. ती दोघं आता इथेच राहायला यायचं म्हणत होती, खोल्यांची वाटणी चालली होती.

भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या खोलीतली पुस्तकं काढून टाकू या ना. निदान अर्धी. वाचतं कोण ती?"

"मी वाचतो," मी म्हणालो.

सगळ्यांनी वर बघितलं. मी जेवताना सहसा बोलत नाही.

"आणि ती माझ्याबरोबर जातील. मी इथे राहणार नाहीये."

"कुठे जाणार?"

"एका बाईंकडे."

सुनेच्या हातातला चमचा हवेतच राहिला. भाच्याने आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "मामा... या वयात?"

"याच वयात. आधीच्या वयांत कुणी बोलावलं नव्हतं."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांनी साठ वर्षांत माझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. काढू देत की."

"मामा, मी चेष्टा करत नाहीये. म्हातारपणी आपलं माणूस जवळ असावं—"

"म्हणूनच निघालोय."

ताई तोवर गप्प होती. ताई गप्प असली की आमच्याकडे सगळे सावध होतात. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्या बाईंनी बोलावलंय, की तू आपला नुसताच निघालायस?"

"बोलावलंय. पत्र आलंय."

"कधी?"

"अकरा महिने झाले."

"आणि तू काय कळवलंस?"

"लिहितोय..."

"अकरा महिने?" ताई खुर्चीत मागे टेकली. "अरे गाढवा."

"ताई, तू एकटी—"

"माझ्यावर ढकलू नकोस. 'तू म्हणशील तसं, तू म्हणशील तसं' ऐकून माझे कान किटलेत. हा आहे ना इथे, खोल्या वाटणारा. तो बघेल माझ्याकडे." मग जरा खालच्या आवाजात, "आणि ती आता नाही म्हणाली तर रे?"

"तर तिने म्हणावं. तिच्या तोंडून ऐकीन. अकरा महिने तिच्या वतीने मीच मला नाही म्हणत बसलोय, ते पुरे झालं."

भाचा काहीतरी बोलणार होता. ताईने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मी हात धुतले, खोलीत गेलो आणि दहा मिनिटांत पत्र लिहिलं. कच्चं नाही, एकदम पक्कं. "बाई, हो. उशीर झाला, त्याला कारण मी. दुसऱ्या टेबलापाशी आता कुणी बसत असेल तर मी तिसरं आणीन. शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. नाही म्हणायचं असेल तर स्टेशनवर येऊन समोरासमोर म्हणा." कुठेही क्षमस्व लिहिलं नाही. हात शिवशिवत होता, तरी नाही लिहिलं.

सोमवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच मी पायरीवर उभा होतो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"आज टाकलं तर कधी मिळेल?" मी विचारलं.

"गुरुवारी. पोचपावती हवी का?"

"नको. शुक्रवारी मी स्वतःच जातोय तिकडे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग हातानेच का नाही नेत, काका?"

"त्यांना विचार करायला एक दिवस मिळायला हवा. मी अकरा महिने घेतलेत."

त्यांनी पत्त्यावरचं नाव वाचलं. मग शिक्का मारला, आणि पाकीट मागच्या पिशवीवर धरून म्हणाल्या, "एकदा आत पडलं की परत मिळत नाही हं."

"माहीत आहे," मी म्हणालो. "टाका."